पोहणे, मोठेपणी शिकताना

श्रोतेहो, नमस्कार. तिशी-चाळिशी उलटल्यावर पोहायला शिकावे, किंवा लहानपणी जेमतेम शिकलेले पोहणे आता नीट करून घ्यावे, असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्याशी आज मला बोलायचे आहे.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून मुलांना विहिरीत पोहायला शिकवत आले आहेत. मुटका मारायचा, चार हात मारून पायरी गाठायची आणि पुन्हा वर चढायचे, हा त्या पोहण्याचा क्रम. विहिरीचा घेर लहान असल्यामुळे सलग लांब जाण्याची वेळ तिथे येत नाही आणि डोके पाण्याबाहेर ठेवूनही काम भागते. तोच मुलगा पुढे शहरात नोकरी करू लागतो, चाळिशीत २५ मीटरच्या तलावात उतरतो आणि पहिल्याच फेरीत त्याला धाप लागते. वय झाले, दम राहिला नाही, असे तो समजतो. परंतु रोज सकाळी पाच किलोमीटर धावणाऱ्या माणसांचीही पाण्यात हीच गत होते. तेव्हा दोष दमाचा नाही, हे उघड आहे.

दोष श्वास सोडण्यात आहे. नवशिका माणूस तोंड पाण्यात गेले की श्वास कोंडून धरतो आणि तोंड बाहेर आल्यावर अर्ध्या सेकंदात जुना श्वास सोडून नवा घेण्याची धडपड करतो. ते दोन्ही साधत नाही. छातीत जुनी हवा तशीच राहते, रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि जीव गुदमरल्यासारखा होतो. कारण श्वास घेण्याची ऊर्मी प्रामुख्याने या वायूच्या वाढीने उठते, प्राणवायू संपत आल्याने नव्हे. म्हणून सुरुवातीचे काही दिवस हातपाय मारण्याऐवजी उथळ बाजूच्या कठड्याला धरून एकच गोष्ट करावी. तोंड पाण्यात घालून नाकातून सावकाश, न थांबता बुडबुडे सोडावेत, मग मान एका कुशीला वळवून तोंडाने श्वास घ्यावा आणि पुन्हा तोंड पाण्यात न्यावे. मान वळवताना खालचा कान पाण्यातच राहिला पाहिजे. घाई न करता हा सराव केलेले प्रौढ विद्यार्थी पुढे फार सुखाने पोहतात, असे मी पाहिले आहे.

श्वास सुटू लागला की डोके पाण्यात ठेवण्याचे धैर्य येते, आणि तिथून पोहण्याचे सारे रूप पालटते. फुप्फुसांतील हवेमुळे छाती आपोआप तरंगते. पाय मात्र जड असल्याने खाली जातात. त्यात डोके वर उचलले की कंबर आणखी बुडते आणि सपाट सरकण्याऐवजी शरीर तिरपे होऊन पाण्याला आडवे येते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे, त्यामुळे या तिरपेपणाची किंमत मोठी असते. नजर तळाकडे, मान सैल आणि छाती किंचित दाबलेली, एवढे जमले तर पाय जोरात न मारताही वर येतात.

पायांविषयी आणखी थोडे सांगतो. मोठी माणसे सायकल चालवल्यासारखे गुडघ्यातून पाय मारतात आणि दमून जातात. पाय मांडीच्या सांध्यापासून हलला पाहिजे आणि घोटा सैल हवा. वर्षानुवर्षे बूट वापरून घोटे आखडलेले असतील, तर घरी थोडा वेळ वज्रासनात बसण्याचा उपयोग होतो. सावकाश फ्रीस्टाइल पोहताना पुढे नेण्याचे बहुतेक काम हातांचे असते. सैन्यात मुष्टियुद्ध खेळणारे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आल्यानंतर जलतरणाकडे वळले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी ३७.३३ सेकंदांत मिळवले. धडधाकट पाय असलेल्या आपल्यापैकी फार थोड्यांना त्या वेळेच्या जवळपास जाता येईल.

आता भीतीविषयी, आणि विशेषतः माझ्या भगिनींसाठी. ज्या नदीत भावांनी सूर मारले, त्याच नदीच्या घाटावर गुडघाभर पाण्यात उभे राहून कपडे धुण्यात अनेकींचे बालपण गेले. पाणी रोजचे होते, पोहणे मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. याची मला मनापासून खंत वाटते. आज अनेक तलावांवर महिलांची वेगळी बॅच असते आणि पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे पोहण्याचे पोशाखही सहज मिळतात. सुती सलवार-कमीज घालून मात्र उतरू नये. ते पाणी शोषून जड होतात आणि पायांत अडकतात. हृदयविकार किंवा फिट्‌सचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रौढांना तरंगण्याची जेवढी भीती वाटते, त्याहून जास्त भीती पुन्हा उभे राहता येईल की नाही याची असते. म्हणून शिकवणाऱ्याकडे पहिल्याच दिवशी उभे राहण्याचा धडा मागावा. कमरेइतक्या पाण्यात पालथे तरंगत असताना दोन्ही गुडघे पोटाशी घ्यायचे, पसरलेले तळहात पाणी दाबत खाली आणायचे, शरीर आपोआप उभे होऊ लागले की पाय तळाला टेकवायचे आणि सर्वांत शेवटी डोके वर काढायचे. बहुतेक जण आधी डोके काढायला जातात. त्यामुळे पाय मागेच राहतात आणि नाकातोंडात पाणी जाते. हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत कठड्यापासून हातभर अंतरावरच सराव करावा, आणि शिकवणारा घाईने खोल पाण्याकडे नेऊ लागला तर त्याला निःसंकोच थांबवावे.