दुसऱ्या महिन्याची गोळी
(लघु माहितीपटाचे निवेदन)

(दृश्य: उपकेंद्राचा व्हरांडा, बाकावर माणसं.)

सिंधुदुर्ग जिल्हा. वेंगुर्ले तालुक्यातलं एक आरोग्य उपकेंद्र. बाकावरच्या यांतल्या कुणालाही ताप नाही, खोकला नाही. काही दुखतंय म्हणूनही कुणी आलेलं नाही.

(आजोबांचा आवाज: "माका काय्येक होणा नाय. मगे गोळी कित्याक खाऊ?")

आजोबांचं खरं आहे. बीपी वाढलेल्या माणसाला बहुधा काही जाणवतच नाही. डोकं दुखेल तेव्हा बघू म्हणणाऱ्याचं डोकं दुखत नाही, आणि आत रक्तवाहिन्यांच्या अस्तराला वर्षानुवर्षं मार बसत राहतो. मार बसलेल्या जागी चरबीचे थर धरतात. वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाचा डावा कप्पा जाड होतो. जाड म्हणजे बळकट नव्हे. तो ताठरतो, नीट भरत नाही.

(दृश्य: दंडावर पट्टा. जवळून.)

हे जरा सावकाश बघा. आजोबांना आधी पाच मिनिटं नुसतं बसवलंय. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, मांडीवर मांडी नाही. हात टेबलावर, छातीच्या पातळीत. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली असेल तर थांबायचं. आणि मोजताना बोलायचं नाही. गावात हा शेवटचा नियम सगळ्यांत जड जातो.

१६२ आणि ९८. सिस्टर थांबतात, पुन्हा मोजतात. १५८ आणि ९६. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, यांतला एक जरी वारंवार गाठला तरी तो उच्च रक्तदाब. मोठमोठ्या दवाखान्यांत जिना चढून आल्या आल्या पट्टा बांधलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. इथे तसं होत नाही.

(दृश्य: गोळ्यांच्या पट्ट्या, कार्ड, रजिस्टर.)

२०१७ च्या नोव्हेंबरात भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. केंद्राचं आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून पाच राज्यांतले मोजके जिल्हे निवडले. महाराष्ट्रातले चार: सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा. औषधांचा क्रम ठरवून दिला, म्हणजे डॉक्टर बदलला म्हणून गोळी बदलायला नको. सुरुवात अम्लोडिपीनने, ५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. महिन्याने दाब उतरला नाही तर मात्रा वाढवायची, नाहीतर टेल्मिसार्टन जोडायची. गोळ्या जुन्या, स्वस्त, इथे मोफत.

पण गोळी सुरू करणं सोपं. दुसऱ्या महिन्याला माणूस परत येणं, हे खरं काम. "आता बरं वाटतंय", "गोळीची सवय लागते", "पाय सुजतात". पाय सुजणं खोटं नाही, अम्लोडिपीनने काहींना घोट्यापाशी सूज येते. डॉक्टरांना सांगितलं तर दुसरी गोळी मिळते. माणसं सांगत नाहीत, सोडून देतात.

(दृश्य: जांभ्याच्या पायऱ्या, आशाताई, मागून कॅमेरा.)

आशाताईंच्या पिशवीत मोजायची टेप आणि सीबॅक फॉर्म, म्हणजे आजाराचा धोका ओळखायची प्रश्नावली. तिशी उलटलेल्या प्रत्येकाचा भरायचा. वय, तंबाखू, दारू, चालणं-फिरणं, घरात कुणाला बीपी-साखर आहे का. मग कंबर. बाईची ८० सेंटिमीटरच्या वर, पुरुषाची ९० च्या वर गेली की धोक्याचे गुण वाढतात.

(इथे निवेदन नाही. टेप लावताना सासू-सुनांचं हसणं पूर्ण ऐकू द्यावं.)

(दृश्य: अंगणात सुकत घातलेले बांगडे, बरण्या.)

आणि हे घरातलं मीठ. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर सगळं मिळून, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. समोर पाहा: खारा बांगडा, आगळ म्हणजे कोकमाचा खारा रस, पापड, सांडगी मिरची, खारातली कैरी. पावसाळ्यात मासळी नसते तेव्हा हेच ताटात. "खाऊ नका" म्हणणं शहरातून सोपं आहे. आशाताई तसं म्हणत नाहीत. खारा धुऊन घ्या, खारा असेल त्या दिवशी पापड नको, पेजेत वरून मीठ नको, एवढंच सांगतात. तंबाखूच्या बाबतीत मात्र असली सूट त्या देत नाहीत.

(दृश्य: १०८ ची रुग्णवाहिका, रस्ता.)

एवढं करूनही हृदयविकाराचा झटका येतो. छातीत दडपण, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, काहींना, विशेषतः बायकांना, नुसती धाप. पित्त समजून सोडा पीत बसू नये, १०८ ला फोन करावा. इथले बरेच रुग्ण पुढे गोव्याला, बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात जातात.

(दृश्य: दुपार. सिस्टर, रजिस्टर, फोन.)

गोळ्या न्यायला यायची ज्यांची तारीख उलटली, त्यांची यादी. हृदयरोगतज्ज्ञ, कॅथलॅब, स्टेंट यांवर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं. या यादीवर कुणी बोलत नाही.

(सिस्टरांचा आवाज: "पाय सुजले म्हणान बंद केल्यात? मगे माका सांगाक नको? शुक्रवारी येवा, डॉक्टर इले की दुसरी बघूया.")

जे फोन उचलत नाहीत, त्यांच्या घरी संध्याकाळी आशाताई जातात.