चित्रं कुणी काढलीत?

नमस्कार श्रोतेहो.

मुलाला मांडीवर घेऊन पुस्तक वाचायला बसलं की आपण मोठी माणसं काय करतो? पानावरच्या दोन ओळी वाचतो आणि पान उलटतो. मूल अजून मागच्याच पानावर रेंगाळत असतं. "थांब ना, ते बघ," म्हणत कोपऱ्यातल्या मांजरावर बोट ठेवतं. अक्षरओळख नसलेलं ते मूल तेव्हा मन लावून चित्र वाचत असतं. त्या चित्रांविषयी आणि ती काढणाऱ्यांविषयी मला आज बोलायचं आहे.

मॉरिस सेंडॅक या अमेरिकन चित्रकाराचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' हे 1963 सालचं पुस्तक घ्या. लांडग्याचा पोशाख घालून मॅक्स घरभर धुडगूस घालतो, आई त्याला उपाशीच खोलीत पाठवते आणि तिथून तो अक्राळविक्राळ प्राण्यांच्या मुलखात जाऊन पोचतो. गोष्ट एवढीच. आता चित्रं बघा. पहिलं चित्र छोटंसं, भोवती भरपूर कोरी जागा. मग पानागणिक चित्र मोठं होत जातं. खोलीत झाडं उगवू लागतात, चित्र सगळं पान व्यापतं, शेजारच्या पानावर घुसतं. आणि प्राण्यांचा धिंगाणा सुरू झाला की सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही! शब्दांना जागाच उरलेली नाही. घरी परतल्यावर जेवण अजून गरम आहे, हे सांगणाऱ्या शेवटच्या पानावर मात्र चित्र नाही.

अजून एक गंमत. सुरुवातीला मॅक्स हातात जेवणाचा काटा घेऊन कुत्र्यामागे धावतो. तिथेच भिंतीवर एक चित्र लावलंय, कुण्या भयंकर प्राण्याचं, आणि खाली मॅक्सचं नाव. ते सगळे प्राणी आले कुठून, हे सेंडॅकने तिथेच सांगून टाकलंय. मजकुरात त्याबद्दल अवाक्षर नाही. हे भिंतीवरचं चित्र मुलांना चटकन दिसतं. मोठ्यांना दाखवावं लागतं.

आपल्याकडेही असे चित्रकार होऊन गेले, आजही आहेत. 'चांदोबा' वाचत वाढलेल्या कुणालाही विचारा, हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून निघालेला विक्रम राजा डोळ्यांपुढे लगेच उभा राहील. तो काढला के. सी. शिवशंकर यांनी, 'शंकर' या नावाने. ते 2020 मध्ये गेले, पद्मश्री जाहीर झाली त्यानंतर, 2021 मध्ये. चित्र लाखो घरांत पोचलं, पण चित्रकाराचं नाव किती घरांना ठाऊक होतं?

माधुरी पुरंदरे यांचं नाव मी फार आपुलकीने घेते. त्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. लिहिणं त्यांचं आणि चित्रंही त्यांचीच, त्यामुळे किती गोष्ट शब्दांत सांगायची आणि किती चित्रावर सोपवायची, हा निवाडा एकाच मनात होतो. 'राधाचं घर' मालिकेतले आजी-आजोबा, आई-बाबा बघताना मुलं त्यांत आपल्या घरातली माणसं शोधू लागतात, ती त्यामुळेच.

आणि आपल्या वारली चित्रकारांना कसं विसरू? रमेश हेंगडी आणि शांताराम धडपे यांनी चेन्नईच्या तारा बुक्ससाठी 'डू!' नावाचं पुस्तक चितारलं. एकेक क्रिया घ्यायची आणि ती करणारी माणसं पानभर मांडायची. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की वारली माणूस उभा राहतो. त्याला जरा पुढे वाकवलं की तो पेरणी करतो, जरा मागे झुकवलं की नाचतो. डोळे नाहीत, नाक नाही, तरी तो दमलाय की खुशीत आहे, हे पाच वर्षांचं मूलसुद्धा अचूक सांगतं. इतक्या थोड्या रेषांत एवढं बोलायला पिढ्यान्‌पिढ्यांचा हात लागतो.

मंडळी, पुस्तक विकत घेताना आपण लेखकाचं नाव बघतो, किंमत बघतो. चित्रकाराचं नाव कितीदा तरी आतल्या पानावर, मुद्रकाच्या पत्त्याजवळ बारीक अक्षरात असतं. ते शोधा आणि गोष्ट सुरू करण्याआधी लेखकाच्या नावाबरोबर मोठ्याने वाचा. मूल पुढच्या वेळी त्याच चित्रकाराचं पुस्तक मागेल, बघा. आणि शाळेतल्या वाचनालयाचं काम बघणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. तुमच्या नोंदवहीत लेखकाच्या रकान्याशेजारी चित्रकारासाठीही एक रकाना आखा, आणि तो मुलांकडूनच भरून घ्या.

नमस्कार.