उपाशी ठेवलं की तेल धरणारं शेवाळं

इंधनासाठी तेल देणारं शेवाळं वाढवायचं हे तळं बघा. पाणी गडद हिरवं, खोली जेमतेम वीतभर, आकार लांबट ट्रॅकसारखा, आणि एका कडेला पॅडलव्हील सावकाश फिरतंय. चाक थांबलं की शेवाळं खाली बसतं आणि खालच्यांना ऊन मिळत नाही, म्हणून पाणी सारखं हलतं ठेवायचं. त्यात सोडायचा कार्बन डायऑक्साइड. हवेत हा गॅस फक्त ०.०४ टक्के, पण कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुरात १२-१५ टक्के, म्हणजे शेवाळ्यासाठी वाढलेलं ताटच! किलोभर सुकं शेवाळं तयार व्हायला साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो.

हे अमेरिकेत करून बघितलंय. ७० च्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि १९७८ ला तिथल्या ऊर्जा खात्याने शेवाळ्यापासून डिझेल काढायचं काम हातात घेतलं, ते चाललं १९९६ पर्यंत, खर्च अडीच कोटी डॉलर, ३००० वर जाती गोळा केल्या. न्यू मेक्सिकोत रॉसवेलला १००० चौरस मीटरची तळी बांधली, आणि सोडलेल्या गॅसपैकी ९० टक्क्यांहून जास्त शेवाळ्याने घेतला. ९० टक्के! मला तर हे वाचून खूप भारी वाटलं. पण तिथल्या रात्री गार. एखाद्या चांगल्या दिवशी चौरस मीटरमागे ५० ग्रॅम निघायचं, सरासरी मात्र दिवसाला १० च्या आसपास. शिवाय लॅबमधली निवडक जात उघड्या तळ्यात टाकली की तिथलं गावठी शेवाळं तिला हुसकावून जागा बळकवायचं.

आता मायक्रोस्कोपखाली एक थेंब. नाईल रेड नावाचा रंग घातलाय. पेशीत पिवळे-सोनेरी ठिपके चमकतायत ना, तेच तेल. गंमत अशी की नायट्रोजन, म्हणजे शेवाळ्याचं खत, तोडला, उपाशी ठेवलं, की काही जाती तेल साठवायला लागतात, जशी आपण दुष्काळाच्या भीतीने कणगी भरून ठेवतो. पण उपाशी पेशी वाढत नाही, मग तेल टक्क्यात वाढलं तरी तळ्यातून एकूण निघणारं तेल काही फारसं वाढत नाही. सगळं घोडं इथेच अडलं.

२००९ ला एक्सॉनमोबिल ही तेल कंपनी आणि जीनवर काम करणारी सिंथेटिक जीनॉमिक्स कंपनी यांनी यातच हात घातला, आणि २०१७ ला एका जातीत जीन बदलून तेल २० वरून ४० टक्क्यांच्या वर नेलं, तेही वाढ फार न थांबवता. खूप मोठी गोष्ट होती ती. तरी २०२३ पर्यंत एक्सॉनने हात काढून घेतला.

शेवटी ही बरणी. एक लिटर हिरवं पाणी, इतकं गर्द की पलीकडचं दिसत नाही. गाळून, सुकवून काय उरतं? अर्धा ते एक ग्रॅम. चिमूटभर. आणि त्या चिमटीसाठी लिटरभर पाणी बाजूला काढायला पंप लागतात, गरगर फिरवून पाणी वेगळं करणारे सेंट्रिफ्यूज लागतात, त्यांना वीज लागते, आणि ती वीज कोळशाची असली तर धुराचा हिशेब परत पहिल्यापासून मांडावा लागतो.