घरघर कुणाच्या घरची?

चिटणीसांनी पाटीवर लिहिलंय, 'वेगळं साउंड कार्ड की मदरबोर्डावरचाच आवाज?' म्हणजे संगणकातून आवाज काढायला वेगळं कार्ड घ्यावं, की त्याच्या मुख्य सर्किटवरची चिप पुरते? वेळ पाऊण तास. त्यातली पंधरा मिनिटं माझी ओळख करून देण्यात गेली, पाच ह्या माइकची शिट्टी थांबवण्यात. असो.

नव्वदच्या दशकात ज्यांनी संगणक जुळवून घेतला, त्यांना साउंड ब्लास्टर हे कार्ड आठवत असेल. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीनं 1989 साली आणलं. कार्ड नसेल तर संगणक नुसता 'टूं' करायचा. आयआरक्यू 5, डीएमए 1 हे कार्डाच्या जुळणीचे आकडे मला लग्नाच्या तारखेपेक्षा पक्के पाठ आहेत. (हशा) सौ. पहिल्याच रांगेत आहेत, तेव्हा पुढे जातो. 1997 मध्ये बोर्डावरच्या आवाजासाठी इंटेलचं एसी-97 हे मानक आलं, 2004 मध्ये त्याच्या पुढचं एचडी ऑडिओ, आणि आवाजाची चिप बोर्डावरच ठाण मांडून बसली.

आता माझी गोष्ट. मी पेटी शिकवतो, जुन्या वाड्यात राहतो, विद्यार्थ्यांचं गाणं घरीच रेकॉर्ड करतो. एक मुलगा पांढरी एकमध्ये, म्हणजे पेटीची ती पट्टी सा धरून, यमन गात होता. रेकॉर्डिंग ऐकतो तर तानपुऱ्याच्या खाली 'घूंऽऽ'. मला वाटलं, कुणी मंद्र पंचम धरलाय. पण चढा! मग उलगडा झाला. आपली वीज 50 हर्ट्झची, घरघरीत तिच्या दुपटीचा, 100 चा सूर ठळक. पांढरी एकचा पंचम म्हणजे पांढरी पाच, मंद्रातली ती आहे 98 हर्ट्झची. म्हणजे वीज पंचम लावत होती, फक्त कान तयार नव्हता.

दुकानात गेलो. नाव घेत नाही, ते अजून ओळख दाखवतात. म्हणाले, "सर, बोर्डाच्या आवाजात दम नसतो, कार्ड टाका." साडेचार हजार मोजले. घूं होता तिथेच. म्हणाले, "केबल बदला." सहाशे. घूं जैसे थे. गंमत म्हणजे कॅबिनेटला हात लावला की घूं बदलायचा. माझ्या हाताला गुण आहे, अशी माझी समजूत.

शेवटी पंख्याचा रेग्युलेटर बदलायला वायरमन आला. मी सहज विषय काढला. त्यानं खिशातला टेस्टर कॅबिनेटच्या पत्र्याला टेकवला. दिवा पेटला! "काका, अर्थिंगच नाही तुमच्याकडे." सॉकेटला भोकं तीन, पण वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नाही. त्यानं हिरवी वायर ओढून नीट अर्थिंग करून दिलं. त्या दिवसापासून पंचम बंद. साडेचार हजारांचं कार्ड बसलं होतं त्याच कॅबिनेटात, त्याच विजेवर. ते बिचारं काय करणार?

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. बरं, मूळ विषय.

नुसतं ऐकायचं असेल तर बोर्डावरचा आवाज पुरतो. सीडीचा आवाज 16 बिटांचा, आजची चिप तो आरामात पेलते. खरखर येत असेल तर आधी प्लग कॅबिनेटच्या मागच्या जॅकमध्ये लावून बघा. पुढच्या जॅकची वायर अख्ख्या बोर्डावरून फिरून येते, वाटेत काय काय गोळा करते. एचडीएमआय किंवा ऑप्टिकलनं आवाज बाहेर नेत असाल तर प्रश्नच मिटला, कारण संगणकातून नुसते आकडे जातात, त्यांचा आवाज बाहेरच्या यंत्रात तयार होतो.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर कॅबिनेटातलं कार्डही नको. यूएसबीनं जोडायची बाहेरची पेटी घ्या, इंटरफेस म्हणतात तिला. कंडेन्सर माइकला लागणारे 48 व्होल्ट बोर्डावरच्या जॅकमधून मिळत नाहीत. शिवाय उशीर, म्हणजे माइकमधला आवाज संगणकातून फिरून कानात यायला लागणारा वेळ. 10 मिलिसेकंदांत आवाज साधारण साडेतीन मीटर जातो, म्हणजे तेवढा उशीर झाला की तबलजी साडेतीन मीटर लांब बसल्यासारखा. तेवढं चालतं. पण उशीर त्याच्या तिप्पट-चौपट झाला की गाणारा अडखळतो. चांगल्या इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे हा उशीर कमी करणारा प्रोग्रॅम, इथे कामाला येतो. आतलं कार्ड कुणी घ्यावं? भारी हेडफोनला बोर्डाचा जोर पुरत नसेल तर विचार करा. पण आधी टेस्टर.

काय म्हणालात? नाही हो, दुकानदारानं परत घेतलं नाही. अजून आतच आहे. काढायला गेलो तर स्क्रूची आटी गेलेली.