चार पासपोर्ट, दोन देश

(दृश्य: जमिनीवर अंथरलेली चादर. तिच्यावर चार जुने पासपोर्ट, चौघांचेही कोपरे कापलेले.)

हे चारही पासपोर्ट माझे. मी 18 वर्षांची होईपर्यंत वापरलेले. लहान मुलाचा भारतीय पासपोर्ट फार तर पाच वर्षं चालतो, मग नवा फोटो, नवा नंबर. या पहिल्या फोटोत मी महिन्याभराची आहे. मागे पांढरी चादर दिसते. त्या चादरीखाली मान सावरून धरणारा आईचा हात आहे.

माझा जन्म शारजाचा, सप्टेंबर 2003 चा. अमिरातीत जन्मलं म्हणून तिथलं नागरिकत्व मिळत नाही. परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते. बाबांनी ती दुबईला जाऊन केली. गावच्या घरी माझं नाव ठेवलं गेलं, तेव्हा ते नाव पासपोर्टवर छापून कित्येक महिने झाले होते.

(दृश्य: शिक्क्यांची पानं, एकामागून एक.)

2004 ते 2019 अशा सोळा सुट्ट्या. त्यांतल्या तीन वर्षी भाडं परवडलं नाही. उरल्या तेरा. जाऊन-येऊन सव्वीस विमानप्रवास. एवढं ऐकून लोक विचारतात, मग किती देश पाहिलेस? दोन. एक राहायचा आणि एक आपला. शिक्के सगळे शारजा आणि मुंबईचे.

मुलांचा परदेश प्रवास आपण देशांच्या संख्येत मोजतो. सहलीला गेलेल्या मुलांसाठी ते ठीक आहे. पाच दिवस सिंगापूर, चार दिवस दुबई, त्यातही मजा असतेच. पण कामासाठी परदेशी गेलेल्या माणसांच्या मुलांना हे माप लागू पडत नाही. खेड, दापोली, चिपळूण, गुहागर या पट्ट्यातून 1970 नंतर किती तरी माणसं आखातात गेली. त्यांच्या मुलांसाठी विमान म्हणजे आजीकडे जायचं वाहन.

(दृश्य: दोरीने बांधलेले खोके, त्यावर जाड काळ्या अक्षरांत नाव आणि गाव.)

पहिले दोन प्रवास मी आईच्या मांडीवर केले. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला वेगळी सीट घ्यावी लागत नाही, भाडं अगदी थोडं पडतं. 2005 ला दुसरा वाढदिवस दोन महिन्यांवर आला होता. "आत्ताच जाऊन येऊ, पुढच्या वर्षी पोरीचं पूर्ण तिकीट लागेल," असं बाबा म्हणाल्याचं आई सांगते. आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरात हा हिशोब झालेला आहे.

विमान शारजाहून सुटलं की तीन तासांत मुंबई. खरा प्रवास तिथून पुढे. पनवेल, पेण, माणगाव, महाड, कशेडीचा घाट, चिपळूण आणि मग गुहागरचा फाटा. तीनशे किलोमीटरसुद्धा नाहीत, पण पावसाळ्यात आठ-आठ, दहा-दहा तास. मला विमानाची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती रस्त्याची. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गाड्यांसकट वाहून गेला. थोड्याच दिवसांपूर्वी आमची गाडी त्याच रस्त्याने गेली होती. मी तेव्हा बारा वर्षांची होते. बाबांनी त्या रात्री शारजाहून चार वेळा फोन केला.

(दृश्य: पावसात भिजलेलं अंगण. पलीकडे गणवेशातली मुलं शाळेला निघालेली.)

आखातातल्या भारतीय शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते, उन्हाच्या कहरात. महाराष्ट्रात शाळा जूनमध्येच उघडतात. म्हणजे आम्ही सुट्टीला यायचो आणि चुलतभावंडं दप्तर पाठीला लावून निघालेली असायची. मी दिवसभर ओटीवर बसून त्यांची वाट बघायची. मे महिन्यातलं कोकण, करवंदं, विहिरीत पोहणं, आंब्याच्या अढीचा वास, हे सगळं मी फक्त ऐकलं. गणपती यायचे तेव्हा बहुतेक वर्षी आमची शाळा सुरू झालेली असायची. माझ्या वाट्याला आला तो पाऊस, नागपंचमी, राखी आणि अळूची पानं.

राहावंसं वाटलं तरी राहता यायचं नाही. आमचा व्हिसा बाबांच्या नोकरीवर. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की तो रद्द. लहानपणी मला वाटायचं, बाबाच आम्हाला परत बोलावतात. कायदा बोलावतो हे पुष्कळ नंतर कळलं, आणि मग बाबांवरचा राग गेला.

(दृश्य: उन्हात ठेवलेली ताटं, त्यांत पिवळा रस.)

आजीने मात्र या वेळापत्रकावर तोड काढली होती. जुलैत आंबा नसतो, म्हणून ती मे महिन्यात साठं घालायची. ताटाला तुपाचा हात, त्यावर रसाचा पातळ थर; तो वाळला की दुसरा, मग तिसरा. कावळ्यांना हाकायला काठी घेऊन बसायची. पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायची आणि आमची गाडी येईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही.

चौथ्या पासपोर्टात एकाच प्रवासाचे शिक्के आहेत, 2019 चे. मार्च 2020 मध्ये विमानं थांबली. मग काही सुरू झाली, पण एप्रिल 2021 मध्ये अमिरातीने भारतातून येणारी वाहतूक बंद केली आणि गावी गेलेली आमच्या ओळखीतली माणसं तिथेच अडकली. नोकरी जायची भीती. बाबांनी जोखीम घेतली नाही. त्या सप्टेंबरात मी 18 ची झाले. या पासपोर्टाची मुदत त्या दिवशी संपली.

नेहमीची विमानसेवा 27 मार्च 2022 ला सुरू झाली. जुलैत आम्ही गेलो. नवा, मोठ्या माणसाचा पासपोर्ट घेऊन.

(दृश्य: आजीचे हात, पत्र्याच्या डब्याचं झाकण.)

आजीने डबा पुढे ठेवला. त्यात तीन वर्षांचं साठं होतं, कागद घालून वेगवेगळं केलेलं. यंदाचं पिवळं, मागच्या वर्षीचं तांबूस, आणि 2020 चं जवळजवळ काळं. मी पिवळ्याकडे हात नेला, तर तिने माझा हात धरला.

"आधी हे खा गो," म्हणाली, आणि काळ्यातला तुकडा तोडून दिला.