रूळ उचलणारे हात

[दृश्य: राजांची दरी, सकाळ. पायऱ्या उतरणारे पर्यटक.]

इजिप्तमध्ये लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम काठावरची ही राजांची दरी. खाली जाणाऱ्या या 16 पायऱ्या प्राचीन इजिप्तचा राजा तुतानखामुन याच्या थडग्याच्या. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी खडकात खोदलेल्या. शेजारीच रामेसेस सहावा याचं थडगं आहे. ते खोदणाऱ्या मजुरांनी इथं आपल्या झोपड्या उभारल्या, आणि त्यांच्या खाली ही वाट गडप झाली ती झालीच.

1 नोव्हेंबर 1922 पासून ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर यांच्या माणसांनी त्याच झोपड्यांचे अवशेष काढायला घेतले. 4 तारखेला सकाळी कार्टर दरीत पोचले, तेव्हा काम थांबलेलं होतं आणि सगळे गप्प होते. पहिल्याच झोपडीखाली, खडकात कोरलेली एक पायरी लागली होती.

[दृश्य: कार्टर यांच्या डायरीचं पान.]

त्या दिवशीची ही नोंद. थडग्याच्या पहिल्या पायऱ्या सापडल्या, इतकंच लिहिलंय. कुणाला सापडल्या, ते नाही. पाणी आणणाऱ्या एका पोराला ती पायरी दिसली, अशी गोष्ट पुढे सांगितली जाऊ लागली. डायरीत मात्र तो पोरगाही नाही.

[दृश्य: टोपल्या वाहणाऱ्या मुलांची रांग. जुने छायाचित्र.]

आतल्या बंद दाराला भोक पाडून, मेणबत्ती धरून कार्टर आत डोकावले, तो 26 नोव्हेंबरचा प्रसंग तुम्ही ऐकला असेल. पण त्या दारापर्यंत पोचायचं कसं? मधली वाट साडेसात मीटरची, आणि ती तळापासून छतापर्यंत दगडाच्या कपच्यांनी ठासून भरलेली. ती सगळी भर टोपलीटोपलीनं वर आली. खाली मोठी माणसं भरून द्यायची, वर मुलं वाहून न्यायची. ही रांग बघा. अनवाणी पाय, खांद्यावर टोपली. पुढच्याची पाठ दिसेल एवढंच अंतर.

[दृश्य: क्रमांकाच्या पाट्या लावलेल्या वस्तू. पहिल्या दालनातली रथांची चाकं, पलंग.]

हे फोटो हॅरी बर्टन यांचे. मोठा कॅमेरा, काचेच्या प्लेटा. फोटो धुवायला त्यांनी शेजारचंच एक रिकामं थडगं अंधारखोली म्हणून वापरलं. वस्तू हलवण्याआधी तिच्याजवळ क्रमांकाची पाटी ठेवायची, फोटो घ्यायचा, जागा नकाशावर टिपायची, आणि मगच हात लावायचा.

हात लावणं हेच सगळ्यात अवघड होतं. या चपलांचं बघा. मणी गुंफलेल्या, दालनाच्या जमिनीवर पडलेल्या. दिसायला अखंड, पण ओवलेला धागा कधीच कुजून गेलेला. बोट लागलं की मणी ओघळणार. मग त्यांच्यावर वितळवलेलं पॅराफिन मेण ओतलं. ते थिजलं, की अख्खी चप्पल एका तुकड्यात उचलता येई. नुसती एक रंगवलेली पेटी रिकामी करायला तीन आठवडे लागले. दालनं चार, आणि वस्तू पाच हजारांच्या वर.

[दृश्य: पट्ट्यांनी बांधलेल्या वस्तू लाकडी स्ट्रेचरवरून नेणारी माणसं.]

पहिली वस्तू बाहेर आली 27 डिसेंबरला. त्यानंतर रोज अशी मिरवणूक निघायची, सेती दुसरा याच्या थडग्यात मांडलेल्या प्रयोगशाळेपर्यंत. रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड ल्यूकस आणि आर्थर मेस तिथं काम करत. रस्त्याच्या कडेला पत्रकार आणि प्रवासी दाटीनं उभे. त्यांचे कॅमेरे स्ट्रेचरवरच्या वस्तूकडे वळलेले. तुम्ही आता स्ट्रेचरचे दांडे बघा. ते धरलेले हात बघा.

[दृश्य: रूळ आणि डबे. मे 1923.]

आणि हे आमच्या मते या सगळ्या कामातलं सगळ्यात मोठं दृश्य.

पहिला हंगाम संपला. 89 खोके, ते 34 जड पेट्यांत बंद. दरीपासून नदी आठ-नऊ किलोमीटर. रस्ता ओबडधोबड, मध्ये वळणं, मध्ये उतार. हातानं ढकलायच्या छोट्या रेल्वेचे डबे मिळाले, पण रूळ मोजकेच. पूर्ण वाटेला पुरतील एवढे नव्हतेच. मग काय करायचं? असतील तेवढे रूळ अंथरायचे, डबे त्यावरून पुढे ढकलायचे, मागचे रूळ मोकळे झाले की उचलून पुढे आणायचे, पुन्हा अंथरायचे. पुन्हा ढकलायचे. 50 मजूर होते. मे महिन्यातलं इजिप्तचं ऊन, सावलीतही पारा चाळिशीच्या आसपास, आणि उन्हात पडलेलं लोखंड उघड्या हातांनी उचलायचं. रूळ इतके तापले होते की हात ठेववत नव्हता, हे खुद्द कार्टर यांनी लिहून ठेवलंय.

हे काम 15 तास चाललं. राजाचं धन नदीवर पोचलं ते असं.

[दृश्य: सोन्याची शवपेटी. तिच्यावर वाकलेले कार्टर, शेजारी इजिप्शियन सहकारी.]

बाकीचं थोडक्यात. 1924 मध्ये सरकार आणि कार्टर यांच्यात वाद होऊन काम बंद पडलं. 1925 मध्ये 110 किलो सोन्याची ही आतली शवपेटी समोर आली. राळेनं चिकटलेली ममी तिच्यातून अखंड निघाली नाही, तिचे तुकडे करावे लागले. खजिना इजिप्तमध्येच राहिला, आणि नोव्हेंबर 2025 पासून तो गिझाच्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये एकत्र पाहता येतो.

पण हा फोटो थोडा वेळ राहू द्या. कार्टर शवपेटीवर वाकून काम करताहेत. त्यांच्या शेजारी फेटा बांधलेला हा माणूस, तितकाच जवळ, नजर तितकीच त्या सोन्यावर. त्याचं नाव या फोटोबरोबर कुणी नोंदवलेलं नाही.

कार्टर यांनी छापील मजकुरात आपल्या चार मुकादमांचे आभार नावानिशी मानले आहेत.

[दृश्य: बर्टन यांच्या फोटोंतले मजुरांचे चेहरे, एकेक करून. निवेदन संथ.]

अहमद गेरिगर.

गाद हसन.

हुसेन अबू अवाद.

हुसेन अहमद सईद.

यातला चेहरा कुणाचा आणि नाव कुणाचं, याची जोड आज लावता येत नाही. म्हणून नावं आम्ही वाचली, आणि चेहरे सगळेच दाखवतो आहोत.

[दृश्य: रूळ खांद्यावर घेऊन पुढे चाललेली माणसं. आवाज नाही.]