वीस ग्रॅमच्या आत

गिरगावातल्या खाडिलकर रोडवर, ज्याला जुने रहिवासी अजूनही कांदेवाडी म्हणतात, लग्नपत्रिकांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. मागच्या गल्लीतल्या या छापखान्यात मात्र आज एका पतसंस्थेच्या वार्षिक सभेच्या नोटिसा छापल्या जात आहेत. एक मिनी ऑफसेट छपाईयंत्र, एक कटिंग मशीन आणि चार कामगार एवढ्या बळावर चाललेल्या या छापखान्याने काही वर्षांपूर्वी ठरवले, की छापलेले गठ्ठे गिऱ्हाइकाच्या हवाली करून मोकळे व्हायचे नाही. घडी, पाकीट, पत्ता आणि टपाल हे सारे आपणच करायचे.

बिलबुके आणि व्हिजिटिंग कार्डे कमी होत गेली, पण सभेच्या नोटिसा टिकल्या. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावी लागते, त्यामुळे ऑगस्टमध्ये कामाची झुंबड उडते. नेमका तेव्हाच मुंबईचा पाऊस कागदात ओल भरतो, घडी तिरकी पडते आणि पाकिटांचा डिंक आपोआप चिकटू लागतो.

मालकांच्या टेबलावर आता शाईच्या डब्यांशेजारी एक छोटा वजनकाटा असतो. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये पडतात. ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, एफोर आकाराचा एक कागद जवळजवळ ५ ग्रॅम भरतो, म्हणजे तीन कागदांचे १५ ग्रॅम झाले आणि लांब पाकिटाचे आणखी पाचेक. शाई आणि ओल धरली की काटा २० च्या पुढे सरकतो आणि तिकीट दुप्पट होते. दहा हजार पत्रांमागे हा फरक ५० हजार रुपयांचा, म्हणून मालक गिऱ्हाइकाला आधीच ७० जीएसएमचा कागद घ्यायला सांगतात. छपाईचे बिल महिना-दीड महिन्याने चुकते झाले तरी निभावते, पण टपालाचे पैसे पत्रे देतानाच मोजावे लागतात, तेव्हा ते आगाऊ मिळाल्याशिवाय काम सुरू होत नाही.

खरी धास्ती पाकिटे भरताना असते. प्रत्येक पत्रावर सभासदाचे नाव आणि त्याच्या कर्जाची बाकी वेगळी असते. दोन कागद चिकटून एकाच पाकिटात गेले, की त्यापुढचे प्रत्येक पत्र एका घराने सरकते आणि एकाची थकबाकी दुसऱ्याच्या हाती पडते. छपाईतली चूक रद्दीत टाकता येते, ही टाकता येत नाही. म्हणून पत्ता पत्रावरच छापून तो खिडकीच्या पाकिटातून दिसेल अशी सोय केली आहे, आणि दर शंभराव्या पाकिटाशी सभासदांच्या यादीतला अनुक्रमांक ताडून पाहिला जातो. याद्या परक्या माणसांच्या खाजगी माहितीच्या असल्याने काम संपताच त्या संगणकावरून पुसल्या जातात.

पाकिटे पिनकोडप्रमाणे लावली जातात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली. मुंबईचे ४०० हे पहिले तीन आकडे सगळ्यांना पाठ असतात, घोळ पुढच्या तीन आकड्यांत होतो. अंधेरी पूर्वेचा ४०००६९ आणि पश्चिमेचा ४०००५८ यांची अदलाबदल सभासद स्वतःच अर्जावर करून ठेवतात, आणि ती पकडायला यंत्रापेक्षा लोकलने रोज ये-जा करणारा कामगार बरा.

संध्याकाळी टेम्पो टपाल कार्यालयाकडे निघतो. दोन-तीन आठवड्यांनी परत आलेल्या पाकिटांचा गठ्ठा येतो, त्यातला प्रत्येक शेरा यादीशी लावून संस्थेला कळवणे हेही आता याच छापखान्याचे काम आहे. ‘पत्ता अपुरा’, ‘येथे राहत नाहीत’ असे शेरे नेहमीचेच. आजच्या गठ्ठ्यात मात्र एकाच पत्त्यावरची अकरा पाकिटे आहेत, दोन गल्ल्या पलीकडच्या चाळीची, आणि अकराही पाकिटांवर पोस्टमनने लिहिले आहे: ‘इमारत पाडली’.